एकोणतीस मार्चची बजावणी

कृष्णात मगदूम निवृत्त झाला त्या दिवशी कचेरीत त्याच्यासाठी नारळ, शाल आणि पेढे आणले होते. १९७९ सालची गोष्ट. हेडक्लार्क बाळासो दोन शब्द बोलायला उठले आणि त्यांच्या सवयीप्रमाणे अर्धा तास बोलले. म्हणाले, "विक्रीकराचा कागद घेऊन लोकांच्या दारात जायचं, हे काम कुणाला आवडतंय? पण या माणसानं सव्वीस वर्षं केलं, आणि सव्वीस वर्षांत दारावर कागद चिकटवायची पाळी आणली ती फक्त एकदा. दप्तर काढून बघा. एकदा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णात हातातला पेढा तसाच धरून खाली बघत बसला. लोकांना वाटलं, गडी गहिवरला. बोलायचा आग्रह झाला तेव्हा तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि परत बसला.

दप्तर तसं सांगतं, हे खरंच आहे. १९७३ सालच्या मार्च महिन्याच्या एकोणतीस तारखेला, पेटीवाले फक्रुद्दीन यांच्या दारावर, दोन पंचांसमक्ष. सव्वीस वर्षांच्या त्याच्या कागदांत खोटी नोंद एवढी एकच. तो कागद त्याने चिकटवलाच नव्हता.

कृष्णात हातकणंगल्याकडचा. घरची शेती भावांत वाटून बोटभर उरली तेव्हा तो कोल्हापुरात आला आणि विक्रीकराच्या कचेरीत शिपाई म्हणून चिकटला. त्याचं काम बजावणीचं. बजावणी म्हणजे साहेबांनी सही केलेला कागद ज्याच्या नावाचा त्याच्या हातात द्यायचा, त्याची तारखेसकट सही घ्यायची आणि ती पोच कचेरीत आणून लावायची. कुणी कागद घेईना, दार उघडीना, तर दोन पंच उभे करायचे आणि कागद दाराला चिकटवून यायचा. कायद्याच्या नजरेला दोन्ही सारखंच. गल्लीच्या नजरेला मात्र सारखं नाही. दारावर सरकारी कागद लागला की शेजारपाजारचे चष्मे लावून वाचायला येतात, आणि जो वाचू शकत नाही तो वाचणाऱ्याला विचारतो.

म्हणून कृष्णात चिकटवत नसे. तो दारात गेला की आधी पाणी मागायचा. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी, मग पावसापाण्याचं, आणि मग पिशवीतून कागद निघायचा, जणू येता येता वाटेत कुणीतरी दिलेला. लोक शिव्या द्यायचे त्या साहेबाला, कृष्णाताला चहा द्यायचे. त्याचे स्वतःचे दोन नियम होते, ते कुठल्या पुस्तकात नव्हते. लग्नाचा मांडव असेल त्या दारात जायचं नाही. आणि सुतक असेल त्या दारात सुतक फिटेपर्यंत जायचं नाही. कचेरीला हे ठाऊक होतं. दहातेरा दिवसांनी कुणाचं काय बिघडतंय, असं म्हणून बाळासोही कानाडोळा करायचे. कृष्णाताला आपल्या या रीतीचा अभिमान होता, आणि बायको विठाबाई तर चार बायकांत सांगायची, आमच्या मालकांनी कुणाच्या दुःखात कागद न्हेला न्हाय. अभिमान वाटावा अशीच रीत होती ती. पुढे त्या रीतीनेच त्याला गोत्यात घातलं.

फक्रुद्दीन पत्र्याच्या पेट्या करायचा. लग्नात मुलीबरोबर द्यायच्या, गुलाबाची फुलं रंगवलेल्या पेट्या. रविवार पेठेत एका बोळात पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्यात तो, म्हातारी आई हुसेनबी, बायको सुलतानबी आणि दोन मुली. थोरली नजीरा चौदा वर्षांची. कृष्णाताची त्याची जुनी ओळख होती. विठाबाईची पेटी त्यानेच ठोकली होती. एके साली त्याला गारगोटीच्या एका बोर्डिंगचं मोठं काम मिळालं. पत्रा बोर्डिंगचा, ह्याची नुसती मजुरी. साहेबांनी ती पेट्यांची विक्री धरली आणि खुलाशाला बोलावलं. फक्रुद्दीनकडे बोर्डिंगची पत्रं होती, पत्रा पोचल्याच्या चिठ्ठ्या होत्या, सगळं होतं. नव्हता तो फक्त धडधाकट. पहिल्या तारखेला त्याला काविळीने धरलं होतं, दुसऱ्या तारखेला तो दवाखान्यात होता, तिसऱ्या तारखेला नजीराने लिहिलेली चिठ्ठी कचेरीच्या टपालात पडली ती कुठल्या फाइलीत गेली देव जाणे. साहेबांनी त्याच्या माघारी निकाल लिहून टाकला. कराची रक्कम एवढी, की दुकान विकल्याशिवाय भरता येऊ नये. निकालाची नक्कल होऊन कृष्णाताच्या हातात आली फेब्रुवारीत. फक्रुद्दीन जानेवारीच्या वीस तारखेलाच गेला होता.

कागद आता त्याच्या बायकोला द्यायचा होता. कृष्णाताने आपल्या रीतीप्रमाणे तेरा दिवस उलटल्याची खात्री केली आणि गेला. दार हुसेनबीने उघडलं. तिला धड दिसत नव्हतं, आवाजावरून ओळखलं.

"कोन, कृष्णात व्हय? बस, लेका."

"मावशी, वैनींच्या नावाचा एक कागद हाय कचेरीचा."

म्हातारीने आतल्या पडद्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "सून इद्दतीला बसली हाय. चार म्हयनं धा दिस. परक्या मानसाम्होरं यायची न्हाय, आन् ह्यो कोरटाचा कागद तिच्या कानावर आत्ता नगं बाबा. पोरगी निम्मी झालीया. इद्दत उठू दे, मग आन की."

कायद्याने त्याला तो कागद हुसेनबीच्या हातात ठेवता आला असता. घरातल्या कुठल्याही जाणत्या माणसाची सही किंवा अंगठा चालला असता. त्याला हे चांगलं माहीत होतं. पण पडद्यामागे बांगड्या नसलेला एक हात नुसता क्षणभर दिसला आणि कृष्णात उठला. "बरं मावशी," म्हणाला, आणि कागद पिशवीत परत ठेवला. चालता चालता त्याने मनाशी हिशोबही केला, की कागद मिळाल्यापासून साठ दिवसांत अपील करता येतं. मिळालाच नाही तर दिवस मोजायला लागतच नाहीत. म्हणजे आपण त्यांचं काही नुकसान करत नाही, उलट श्वास घ्यायला वेळ देतोय. घरी जाऊन त्याने विठाबाईला हे सांगितलं. तिने त्या दिवशी त्याला भाकरीबरोबर लोणी वाढलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मार्च आला.

मार्चअखेर कचेरीत जे चालतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. वर्षभर झोपलेली फाइल त्या महिन्यात ओरडायला लागते. बाळासोंनी अठ्ठावीस तारखेला कृष्णाताला टेबलापाशी उभं केलं.

"तुझ्याकडचा एक कागद राहिलाय. फक्रुद्दीनचा. पोच कुठंय?"

"ती बाई इद्दतीला बसलीया, बाळासो. मे महिन्यात देतो."

"मे महिन्यात? वरनं तपासणी आलीय कृष्णात. मला एकतीसच्या आत यादी कोरी पायजे. न्हाईतर चिकटवून ये जा."

चिकटवून ये. दोन शब्द. एकोणतीस तारखेला दुपारी कृष्णात खळीची वाटी आणि कागद घेऊन त्या बोळाच्या तोंडापर्यंत गेला. दुकानाचं फळकूट बंद होतं. समोरच्या ओट्यावर चार बायका डाळ निवडत बसल्या होत्या. त्याच्या डोळ्यांपुढे आलं ते असं, की कागद लागला, त्या उठून आल्या, आणि आत पडद्यामागे त्या बाईला बाहेरची कुजबुज ऐकू येतेय आणि दार उघडून काय आहे ते बघायचीही तिला सोय नाही. तो वळला. कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसला, चहा मागवला, आणि अहवालाच्या छापील कागदावर लिहिलं की सदर इसमाच्या दारावर आज रोजी पंचांसमक्ष आदेश चिकटवला. पंच म्हणून हॉटेलवाल्याने सही केली आणि शेजारी बसलेल्या एका हमालाने अंगठा दिला. दोघांनीही काय आहे ते विचारलं नाही. कृष्णाताच्या शब्दावर कोण शंका घेणार?

खरा कागद पिशवीतच राहिला. अपिलाचे साठ दिवस मात्र त्या चहाच्या टेबलावरून मोजायला लागले. आणि मी पंचांग घेऊन बसलो म्हणून सांगतो, ते संपले मेच्या अठ्ठावीस तारखेला. सुलतानबीची इद्दत उठली तीही त्याच दिवशी.

दोन जूनला तो गेला. सुलतानबी स्वतः दारात आली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, चेहरा ओढलेला. त्याने पाणी मागितलं, मुलींची चौकशी केली आणि कागद दिला, सही मात्र घेतली नाही. तिने विचारलं, "ह्याचं काय करायचं, भाऊ?" तो म्हणाला, "वकिलाला दाखवा वैनी. अपील करता येतं." आणि हे बोलत असतानाच त्याने मनात दिवस मोजले. सव्वीस वर्षांतली वीस वर्षं तोवर झालेली, त्याला मुदत कळत नव्हती असं कसं म्हणायचं? अहवालात एकोणतीस मार्च लिहून तो मोकळा झाला होता आणि आज दोन जून होती. त्याच वेळी, त्याच दारात, एक वाक्य बोलला असता तर वकिलाने त्यातून वाट काढली असती. इद्दतीचंच कारण लिहून उशिराची माफी मागितली असती. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे मी खोटा अहवाल दिला असं बोलायचं. तो म्हणाला, "येतो वैनी," आणि उतरला. लाज कुठून सुरू झाली असं कुणी त्याला विचारलं असतं तर त्याने एकोणतीस मार्च सांगितला नसता, दोन जून सांगितला असता.

सुलतानबीने नवऱ्याचं दप्तर नीट बांधलं. बोर्डिंगची पत्रं, पत्र्याच्या चिठ्ठ्या, सगळं तारीखवार. ती हेर्लेकर वकिलांकडे गेली. वकिलांनी कागद बघितले आणि म्हणाले, "बाई, ही केस तर हातातली आहे. मजुरीला विक्री कोण म्हणेल? कागद कधी मिळाला?" ती म्हणाली, दोन जूनला. हेर्लेकरांनी जुलैच्या मध्यावर अपील दाखल केलं, प्रतिज्ञापत्र जोडलं की आदेश दोन जूनला हातात मिळाला. महिन्याभराने कचेरीचं उत्तर आलं: आदेश एकोणतीस मार्चलाच बजावलेला आहे, अपील मुदतबाह्य आहे, अर्जदार खोटं सांगत आहे.

अपील ऐकणाऱ्या साहेबांची खोली त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. लोक तिला कोर्टच म्हणत. तारखेची नोटीस घेऊन जायचं काम अर्थातच कृष्णाताचं. पहिली तारीख नोव्हेंबरात लागली. नोटीस देताना त्याने मनाशी पक्कं केलं, त्या दिवशी साहेबांपुढे खरं सांगून टाकायचं. सुलतानबी दप्तराचं गाठोडं घेऊन आली, नजीरा बरोबर. दुपारी तीनपर्यंत बाकावर बसल्या. मग कळलं, साहेब दौऱ्यावर आहेत. कृष्णाताला इतकं हलकं वाटलं की त्याने त्या दोघींना स्वतः बसथांब्यापर्यंत सोडलं, जणू काही उपकारच करतोय.

मग तारखांची माळ लागली. एकदा फाइल पुण्याला गेलेली. एकदा साहेबांची बदली झाली आणि नवे आले नव्हते. एकदा हेर्लेकरांच्या घरचं कार्य होतं. एकदा सगळे होते, फाइल होती, साहेबही होते, पण वरून कुणी बडा अधिकारी आल्यामुळे सगळे त्याच्या मागे धावत होते. दरवेळी नोटीस कृष्णातच न्यायचा, आणि दरवेळी सुलतानबी त्याला चहा द्यायची. दुकान आता ती आणि एक जुना कारागीर मिळून चालवत होते. रंगाचं काम ती स्वतः करायची, तिच्या बोटांना लाल रंग असायचा. बोळातल्या बायका तिला विचारायच्या, तुमचं कोरटाचं काय झालं? ती म्हणायची, तारीख पडली. दोन वर्षं ती हेच सांगत राहिली. लोकांना तारीख लांबली की चीड येते. कृष्णात एकटाच असा होता की ज्याला तारीख पडली की सुटल्यासारखं वाटायचं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची घरी जाईपर्यंत लाज वाटायची. वाटेत तो स्वतःला शिव्या घालायचा. पुढच्या तारखेला नक्की, म्हणायचा. ह्या माणसाइतकं तारखांवर कुठल्या वकिलाने प्रेम केलं नसेल.

एकदा चहा पिताना त्याने विचारलं, "वैनी, मी कागद कधी दिल्ता, तुमास्नी ध्यानात हाय?"

ती कपातल्या चहाकडे बघत म्हणाली, "सासूबाईंनी सांगितलंय मला. त्यांनीच तुमास्नी माघारी लावलं हुतं म्हणून."

म्हणजे मार्चची नोंद खोटी का झाली ते तिने ओळखलं होतं. हुसेनबी कागद आला त्याच सालच्या पावसाळ्यात वारली होती, पण जायच्या आधी सुनेला सांगून गेली होती. सुलतानबीने वकिलाला मात्र एवढंच सांगितलं होतं की कागद दोन जूनला मिळाला. कुणी दिला ते तिने सांगितलं नव्हतं.

मग पंचाहत्तर साल आलं. आणीबाणी लागली आणि कचेऱ्यांना एकाएकी घड्याळ कळायला लागलं. दहाच्या ठोक्याला हजेरी. कामचुकार, लाचखाऊ म्हणून लोकांना घरी पाठवायच्या याद्या निघतात अशी बोलवा रोज उठायची, आणि जिल्ह्यात दोघातिघांना खरंच पाठवलं होतं. वरच्या खोलीत नवे साहेब आले, तरुण, कडक, आणि जुनी प्रकरणं झाडून काढायला बसले. ऑक्टोबरात सुलतानबीची तारीख लागली, आणि या वेळी नोटिशीच्या खाली एक ओळ जास्त होती: बजावणी करणाऱ्या शिपायाने हजर राहावे.

त्या सकाळी विठाबाईने त्याला विचारलं, "काय हुईल?" त्याने तिला केव्हाच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "खरं सांगितलं तर घरी बशीवत्याल. चार वर्सावर पेन्शन हाय." विठाबाई चुलीपुढे बसून राहिली. एरवी चार बायकांत बोलणारी बाई. म्हणाली, "माझ्या तोंडनं काय बी वदवू नगासा." त्याला वाटत होतं तिने सांगावं, खरं बोला. तिने सांगितलं असतं तर तो बोललाही असता, कुणास ठाऊक. पण हे ओझं दुसऱ्यावर टाकायची वेळ गेली होती.

साहेबांच्या टेबलासमोर एका बाजूला हेर्लेकर आणि सुलतानबी, दुसऱ्या बाजूला कचेरीचे निरीक्षक, आणि मध्ये, हात मागे बांधून, कृष्णात. सुलतानबीच्या मांडीवर दप्तराचं गाठोडं होतं. दोन वर्षांत त्याची गाठ कुणी सोडली नव्हती, कारण मुदतीचा प्रश्न सुटल्याशिवाय आतले कागद बघायचे नव्हते.

साहेबांनी अहवाल पुढे केला. "ही सही तुझी?"

"व्हय साहेब."

"एकोणतीस मार्चला तू आदेश दारावर चिकटवलास?"

भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा आवाज त्याला ऐकू येत होता. त्याला वाटलं, आता पुढची तारीख पडावी. वीज जावी, कुणी बडा अधिकारी यावा, काहीही व्हावं. काही झालं नाही. त्या दिवशी सगळे वेळेवर होते.

"व्हय साहेब," कृष्णात म्हणाला. "चिकटवला."

हेर्लेकर भडकले. म्हणाले, "साहेब, माझी अशील शपथेवर सांगतेय की कागद तिला हातात मिळाला. चिकटवलेला कागद हातात कोण आणून देईल? हा अहवाल घरी बसून लिहिलेला आहे. पंच कुठायत?" हॉटेलवाला हॉटेल विकून गावी गेला होता, हमाल सापडत नव्हता. साहेबांनी मान हलवली. माणूस न्यायी होता, असं म्हणायला हरकत नाही. ते सुलतानबीकडे वळले.

"बाई, घाबरू नका. दोन जूनला कागद तुमच्या हातात कुणी दिला? याच शिपायाने?"

सुलतानबीने कृष्णाताकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. त्याची नजर तिच्या बोटांवरच्या लाल रंगावर होती. नुसतं हो म्हणायचं होतं तिला. एवढ्या एका हो वर गाठोड्याची गाठ सुटणार होती.

"आठवत न्हाय साहेब," ती म्हणाली.

"कचेरीच्या माणसाने दिला की दुसऱ्या कुणी?"

"आठवत न्हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "उशीर मला माफ करता येतो, बाई. तुम्ही दुःखात होता असं लिहिलं असतं तरी मी केला असता. पण शपथेवर खोटं लिहिलेलं मला माफ करता येत नाही." सुलतानबी खाली मान घालून बसली. खोटं बोलणारी बाई म्हणून. आणि जो खोटं बोलला होता तो तिच्यापासून दोन हातांवर, सरकारचा प्रामाणिक शिपाई म्हणून उभा होता.

खोलीबाहेर पाण्याचा माठ होता. कृष्णात त्याच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. बोळकांडीत हेर्लेकर तिच्यावर चिडले होते. "बाई, तुम्हीच मला तारीख सांगितलीत आणि तिथं आठवत नाही म्हणता? केस बुडवलीत तुम्ही आपल्या हातानं. कोण देऊन गेलं होतं कागद?"

ती हळू बोलली, पण त्याला ऐकू आलं. "त्यांची नोकरी जाईल की, वकीलसाहेब. आमच्यापायीच झालंय ते."

हेर्लेकर काही समजले नाहीत. ते पुटपुटत जिना उतरून गेले. कृष्णाताने माठातून पाणी घेतलं आणि त्याला ते पिता येईना. त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आली ती नुसती शरम, अंगभर, ताप चढावा तशी. संध्याकाळी पाच वाजता तो साहेबांच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. साहेब बाहेर आले. "काय रे, काय पाहिजे?" त्यांनी विचारलं. "काय न्हाय साहेब, दिवा मालवायला आल्तो," कृष्णात म्हणाला, आणि खोलीत जाऊन दिवा मालवला.

पुढे ते दुकान गेलं. कर भरण्यासाठी हत्यारं आणि जागा विकून सुलतानबी मुलींना घेऊन शिरोळला भावाकडे गेली, तिथे कुणाच्या तरी कापडदुकानात शिवणकाम करत राहिली, असं कृष्णाताने उडत उडत ऐकलं. बोर्डिंगची पत्रं शेवटपर्यंत कुणी वाचली नाहीत. कृष्णात नंतर चार वर्षं नोकरीत होता आणि त्या बोळातून एकदाही गेला नाही. त्या बाजूचे कागद असले तर दुसऱ्या शिपायाशी बदलून घ्यायचा. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी त्याला एकदा तिथे जावंच लागलं.

निकाल पंधरा दिवसांनी टाइप होऊन खाली आला. अपील मुदतबाह्य म्हणून फेटाळण्यात येत आहे. बाळासोंनी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "नको असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवतो." कृष्णात नाही म्हणाला. एवढं तरी आपण करावं असं त्याला वाटलं. सकाळीच निघाला. वाटेत त्याने एक वाक्य तयार केलं: वैनी, मुंबईला वरच्या कोरटात अजून जाता येतं, मी येतो, आन् खरं सांगतो. ते वाक्य तो पायाखालच्या प्रत्येक फरशीला म्हणत गेला.

सुलतानबी दुकानात एका पेटीवर फुलं काढत बसली होती. त्याला बघून उठली, हात पुसले आणि तो मागायच्या आत पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्याने कागद दिला. तिने तो वाचला नाही, काय असणार ते तिला ठाऊक होतं. त्याने पोच पुढे केली, पेन दिलं. तिने आपली सही केली, उर्दूत, सावकाश, शाळेत शिकल्यासारखी. 

"वैनी," तो म्हणाला, "मी..."

सहीपुढे तारखेची जागा रिकामी होती. सुलतानबीचं पेन तिथे थांबलं. तिने वर पाहिलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. त्याची काही अडचण असेल तर आपल्यामुळे ती वाढू नये, एवढीच काळजी होती.

"तारीख कंची घालू, भाऊ?" तिने विचारलं. "आजची चालंल न्हवं तुमास्नी?"